हाकेची सात घरं

माणसं सकाळी लवकर यायची होती. आता उन्हं चांगली वर आली होती, तरी हर्बोर्गच्या अंगणात तिचा धाकटा भाऊ शूर आणि एक मांजर यांच्याशिवाय कोणी नव्हतं. मांजर सावलीत झोपलं होतं. शूर जुन्या घराच्या छपरावर हातपाय फाकवून पालथा पडला होता, कारण तो जरा उठला की त्याच्या पोटाखालची भूर्जाची साल गुंडाळी होऊन खाली यायची.

"हर्बोर्ग," तो फळ्यांत तोंड खुपसूनच म्हणाला, "कोणी दिसतंय का?"

"येतील."

"हे तू मघाशीही म्हणालीस."

"मग आताही तेच म्हणते. येतील."

ती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. वळणाखाली फियोर्डचं, डोंगरांत शिरलेल्या समुद्राचं, पाणी इतकं निवांत पडलं होतं की तिला त्या पाण्याचाही राग आला. पलीकडच्या डोंगरावर बर्फाचे चार चट्टे उरले होते, दोन धबधबे आपापल्या जागी पडत होते, सगळं कसं चित्रात काढल्यासारखं. आणि त्या चित्रात कामाला हात लावील असा एक माणूस नव्हता.

छपराचं काम दोघांनी होत नाही. खाली फळ्या, फळ्यांवर सालीचे थर, आणि सालीवर लगोलग मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपा. पहिला थर गवत खाली करून, दुसरा गवत वर करून. साल सोलायची ती जूनमध्येच, झाडात रस चढलेला असताना. इतर वेळी ती खोडाला सोडत नाही. हर्बोर्गनं दोन उन्हाळे खपून ती जमवली होती आणि गोठ्यात दगडांखाली दाबून ठेवली होती. पण सालीचा स्वभाव असा, की दगड काढला की ती पुन्हा झाडाला मिठी मारायला निघते. उन्हात तर विचारू नका. म्हणून एकानं साल मांडायची, दुसऱ्यानं तिच्यावर तत्काळ ढेप ठेवायची, आणि ढेपा वर पोचवायला खाली माणसांची रांग लागते. माणसं येणार म्हणून तिनं अर्धी साल भल्या पहाटे अंगणात आणून मांडली होती. आता ती उन्हात कडकड वाजत होती.

आणि हे आज होणं भाग होतं, जूनचा हा शेवटचा शनिवार होता. घर बहीणभावाच्या दोघांच्या नावावर होतं. शूर पलीकडच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, त्याचा या घरात फारसा जीव नव्हता. तिकडच्या संग्रहालयाची माणसं दोनदा येऊन घर बघून गेली होती. ओंडका न् ओंडका सुटा करायचा, बोटीत घालायचा आणि त्यांच्या आवारात पुन्हा उभा करायचा, असा त्यांचा बेत. शूर सही करायला तयार होता, हर्बोर्ग भांडली होती, आणि शेवटी ठरलं होतं ते असं: या जूनमध्ये नवं छप्पर चढलं तर घर इथेच राहील, नाहीतर शूर सोमवारी सही करील. तीस वर्षं बर्गन शहरातल्या इस्पितळातली धुलाई सांभाळून हर्बोर्ग बेटावर परत आली होती ती या घरासाठी. ते बोटीत बसून निघून गेलं असतं तर आपण आलो कशाला, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

सकाळची बोट लागली आणि वळणावर माणसं दिसली. हर्बोर्गनं हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे. ते पाहुणे होते.

पाहुणे म्हणजे कोणाचेच नसलेले. बोट त्यांना धक्क्यावर उतरवते, दुपारी परत नेते, आणि मधल्या वेळात ते बेटभर हिंडून लोकांच्या खिडक्यांतून आत बघतात. मागच्या उन्हाळ्यात एक बाई सरळ हर्बोर्गच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती आणि जेवायला काय काय आहे म्हणून विचारत होती.

"हे किती वाजता सुरू होतं?" पिवळ्या टोपीच्या माणसानं विचारलं.

"काय?"

"हे प्रात्यक्षिक." त्यानं छपराकडे बोट दाखवलं.

"ते प्रात्यक्षिक नाही. तो माझा भाऊ आहे."

"वा," तो म्हणाला आणि त्यानं शूरचा फोटो काढला. "आम्ही दुसऱ्या एका ठिकाणीही हे पाहिलं. तिथे माणसं जास्त होती."

"हो का," हर्बोर्ग म्हणाली.

तोवर त्याची बायको ढेपांच्या राशीवर बसून बुटातला खडा काढत होती. हर्बोर्गनं तिला उठवलं. बाई बिचारी ओशाळली, आणि ओशाळल्यामुळेच असेल, म्हणाली, "आम्ही मदत करू का? मी शेतकऱ्याच्याच घरची आहे. आम्ही सगळेच करू." बाकीच्यांनी लगेच पिशव्या उतरवायला सुरुवात केली. धडधाकट माणसं होती, बुटांसकट तयार.

"हो म्हण," वरून शूरचा आवाज आला. "हर्बोर्ग, पाया पडतो तुझ्या, हो म्हण."

"नको," हर्बोर्ग म्हणाली. "आभारी आहे. नको."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"परक्यांनी माझं छप्पर घातलं तर सात घरांपैकी एक माणूस पुन्हा माझ्या उंबऱ्यावर येणार नाही. माझी मयत झाली तरी."

हे खरं होतं. बेटावर प्रत्येक घराची हाकेची सात घरं ठरलेली असतात. लग्न असो, मयत असो, बोट किनाऱ्यावर ओढायची असो की छप्पर घालायचं असो, त्या सात घरांना हाक मारायची आणि त्यांनी इर्जिकीला, म्हणजे मिळून काम करायला, यायचं. गाव करी ते राव ना करी म्हणतात, पण इथे गावही आपण होऊन काही करत नाही. त्याला बोलवावं लागतं. आणि बोलवायचं म्हणजे स्वतः चालत जाऊन, सर्वांत जवळच्या घरापासून सुरुवात करून, एकेका दारात.

"पण तू इर्जिकीचं सांगितलंस ना सगळ्यांना?" शूरनं विचारलं.

"सांगितलं."

"कसं?"

हर्बोर्ग मांजराकडे बघू लागली.

"कसं सांगितलंस, हर्बोर्ग?"

"फोनवर. बेटाचा गट आहे त्यात लिहिलं. शनिवारी छप्पर आहे, सगळ्यांनी या, जेवण आहे."

शूरनं पहिल्यांदाच फळ्यांतून तोंड वर काढलं.

"सगळ्यांनी," शूर म्हणाला. "दुकानवालीनं. शाळेच्या मास्तरांनी. उत्तरेच्या टोकावरच्या लोकांनी."

"गटात सगळेच आहेत."

"म्हणजे तू कोणालाच बोलावलं नाहीस."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सात घरांना वाटलं असणार, आपल्याला गर्दीत मोजलं, मग आपली गरज कशाला. बाकीच्यांना वाटलं असणार, आपण सातांतले नाही, मग आपण मध्ये नाक कशाला खुपसा. त्यामुळे सगळं बेट आपापल्या घरी बसलं होतं. हे कळायला बेटावर जन्मावं लागतं, आणि ती बेटावरच जन्मली होती. तरीही तिनं गटात लिहिलं, कारण दारोदार गेली असती तर पहिलं दार अन्फिनचं होतं. सगळ्यांना एकदम सांगितलं की कोणाला वेगळं सांगावं लागत नाही, असा तिनं हिशेब केला होता. हिशेब तिचा तिलाच कळला असता तर बरं झालं असतं. तो सगळ्या बेटाला कळला होता.

अन्फिन शेजारच्या टेकाडावर राहायचा. बोट ठेवायची जुनी खोप त्यानं पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली होती, आणि त्यांचा वेळ जावा म्हणून रस्त्याच्या फाट्यावर पाटी लावली होती: जुनं शेतघर, पाहायला खुलं, बाण हर्बोर्गच्या घराकडे. विचारणं नाही, सवरणं नाही. स्वयंपाकघरातली ती बाई त्या पाटीमुळेच आली होती, आणि न्हाणीचं दार उघडून 'माफ करा' म्हणणारा म्हाताराही. हर्बोर्गनं पाटी उपटली आणि उन्हाळ्याच्या मध्यावर बेटावर पेटवतात त्या होळीत, सगळ्यांसमोर, टाकली. अन्फिन आगीच्या पलीकडे उभा होता. वर्षभर दोघांत शब्द नव्हता. आणि पाटी जळून पाहुणे काही थांबले नाहीत. ती कुणाच्या तरी फोनमधल्या नकाशात आधीच जाऊन बसली होती.

"जा," शूर म्हणाला. "मी इथे पडतो. पण लवकर ये, माझी मान भाजतेय."

हर्बोर्ग निघाली. अन्फिनच्या घरावरून जाताना तिनं मान वळवली नाही. ती तडक पुढच्या घरी, मोल्फ्रिदकडे गेली. मोल्फ्रिद शेळ्या पाळायची, विधवा होती, दोन तरणे मुलगे होते. तिघंही कामाच्या जाड विजारी घालून टेबलाशी बसली होती आणि टेबलावर हातमोजे पडले होते.

"ये," मोल्फ्रिद म्हणाली. "कॉफी?"

"नको. मोल्फ्रिद, छपरासाठी आलेय. तू आणि मुलं येता का?"

"अर्धा कप तरी."

"माझी साल वाकतेय गं."

"दिसतंय इथून. शूर कधीचा पडलाय तसा. आम्हाला वाटलं, तब्येत बिघडली."

"मग बघायला यायचं नाही?"

"बोलावणं नव्हतं," मोल्फ्रिद म्हणाली. "अन्फिनला विचारलंस?"

"तुला विचारतेय."

"मी दुसरी, हर्बोर्ग. पहिला तो. त्याला डावलून मी आले, तर मला रोज त्याच्या कुंपणावरून जायचंय. तुझं काय, तू होळ्या करशील."

थोरला मुलगा खाली मान घालून हसला. हर्बोर्गच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलून काय उपयोग. बाहेर पडली तर तिसऱ्या घरचा ब्रुन्युल्व कुंपणाशी उभा होता, खांद्यावर फावडं टाकून.

"निघालासच की," ती म्हणाली.

"नाही, उभा आहे," ब्रुन्युल्व म्हणाला. "अन्फिन काय म्हणाला?"

चौथ्या घरी जाण्यात अर्थ नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी ती मागे फिरली. वाटेत ती मोठ्यानं बोलत होती, आणि जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अन्फिन खिडकीशी बसला होता. त्या खिडकीतून एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे तिचं छप्पर आणि त्यावर शूर.

"बस," तो म्हणाला.

बसलं की कॉफी आली, आणि कॉफी आली की तिचा कप संपेपर्यंत कामाचं बोलायचं नसतं. हर्बोर्ग उभीच राहिली. अन्फिन वाट बघत राहिला. शेवटी ती बसली. त्यानं कपाट उघडलं, दोन कप काढले, एकाला कडेला टवका होता म्हणून परत ठेवला, दुसरा शोधला, फडक्यानं पुसला. किटली तापायला लागली. ती तापत असताना खिडकीतून शूरनं एक पाय हलवलेला दिसला.

"गरम आहे आज," अन्फिन म्हणाला.

"हो."

"अशा उन्हात साल वाकते."

"हो, अन्फिन. वाकते."

"माझी एक मेंढी लंगडतेय." मग त्यानं मेंढीचं सांगितलं. कोणता पाय, कधीपासून, त्याच्या मते कशामुळे. हर्बोर्गनं कॉफी ओतून घेतली आणि जीभ भाजेल इतकी गरम ती पिऊ लागली.

"पाटी ओकची होती," अन्फिन म्हणाला.

"लोक माझ्या न्हाणीत शिरत होते."

"ते मला माहीत नव्हतं."

"सगळ्या बेटाला माहीत होतं."

"मला तू सांगायला हवं होतंस. इथे येऊन."

तिला किंचाळावंसं वाटलं. विचारल्याशिवाय त्यानं पाटी लावायची, आणि सांगायला मात्र तिनं यायचं. पण खिडकीत तिचं छप्पर होतं.

"जाळायला नको होती," ती दातांतून म्हणाली.

"नको होती," अन्फिन म्हणाला आणि त्यानं तिचा कप पुन्हा भरला.

तो दुसरा कपही तिनं संपवला. मग म्हणाली, "छप्पर घालतेय. तू येशील का?"

"कधी?"

"आज."

"आज," तो म्हणाला. थोडा विचार केला. "आज जमेल."

तो उठला तेव्हा तिनं बघितलं, त्याच्या पायांत चिखलात घालायचे उंच बूट होते. दाराबाहेर फावडं आणि ढेपा वाहायची फळी भिंतीला टेकून ठेवली होती.

"तू तयारच बसला होतास."

"सकाळपासून," अन्फिन म्हणाला.

त्यानंतर कोणाला बोलवायला फार चालावं लागलं नाही. ती एकेका दारात फक्त उभी राही, आणि मंडळी आतूनच बूट वाजवत बाहेर येत. सात घरांची माणसं वळणावरून आली तेव्हा पाहुणे दगडी कुंपणावर ओळीनं बसून पाव खात होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काम मात्र झालं ते बघायला डोळे हवेत. रांग लागली, अन्फिन आढ्याशी चढला, ढेपा हातोहात वर गेल्या, कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. उत्तरेच्या बाजूला गोठ्यातली दाबलेली साल लागली आणि ती बाजू दुपार कलता कलता हिरवी झाली. मग दक्षिणेची बाजू. अंगणातली साल मोल्फ्रिदनं उचलली आणि सरळ करायला गेली, तशी ती तिच्या हातात उभी चिरली. दुसरी उचलली, ती चिरली. शूरच्या पोटाखाली होती ती घामानं जरा बरी राहिली होती, पण तीही आकाशाकडे धरली तर भेगांतून उजेड दिसत होता.

"यातून पाणी येणार," मोल्फ्रिद म्हणाली.

"नवी सोलू," हर्बोर्ग म्हणाली. "अजून जून आहे."

ब्रुन्युल्व मागच्या भूर्जांत जाऊन आला. त्यानं सुरी पुसत मान हलवली. रस उतरला होता. साल खोडाला चिकटली होती. दक्षिणेच्या उघड्या फळ्यांवर त्यांनी निळं प्लास्टिक ताणलं आणि कडेला दगड लावले.

मग जेवण. आंबट सायीची खीर सकाळपासून निवत होती, वरचं लोणी थिजलं होतं. तिनं ती पुन्हा तापवली, खारवलेलं मटण कापलं, पातळ भाकऱ्यांची चवड ठेवली. माणसं मजेत जेवत होती. हसत होती. शूरच्या भाजलेल्या मानेवर कोणीतरी दही लावलं. हर्बोर्ग डाव हातात घेऊन उभी होती आणि रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुम्ही सगळ्यांनी बघितलं," ती म्हणाली. "सकाळपासून. खिडक्यांतून. माझी साल मरताना बघितली."

चमचे थांबले.

"बघितलं," ब्रुन्युल्व म्हणाला.

"आणि कोणाला काही वाटलं नाही?"

"वाटलं की," मोल्फ्रिद म्हणाली. "मला तर फार वाटलं. दोनदा बूट काढून पुन्हा घातले."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच वाटलं होतं. खीर फार छान झालीय, असं कोणीतरी म्हणालं, आणि चमचे पुन्हा सुरू झाले.

माणसं निघायला लागली तेव्हा शूर जवळ आला. दोघांनी घराकडे बघितलं. एका अंगानं हिरवं, दुसऱ्या अंगानं निळं.

"सोमवारी मी त्यांना फोन करीन," तो म्हणाला.

"करशील सही?"

"वर्षभर थांबा म्हणून सांगीन. आज दिवसभर त्याच्यावर पडलो होतो, आज मला ते देववत नाही. पण पुढच्या जूनमध्ये ही बाजू झाली नाही, तर मग माझ्याशी भांडू नकोस."

"होईल."

"माणसं आली तर."

"येतील," हर्बोर्ग म्हणाली, आणि आपण सकाळीही हेच म्हणत होतो हे आठवून तिला स्वतःचाच संताप आला.

अन्फिन सर्वांत शेवटी राहिला होता. फाटकापाशी वाकून गवतानं फावडं पुसत होता. आता एक वर्ष कशाला घालवायचं, असा विचार करून ती तशीच त्याच्याकडे गेली. पहिला माणूस समोर उभा आहे, पोटभर जेवलाय, तिच्याच अंगणात आहे.

"अन्फिन, पुढच्या जूनमध्ये दुसरी बाजू घालायचीय. येशील ना?"

अन्फिननं फावडं खांद्यावर घेतलं. निळ्या प्लास्टिककडे बघितलं. मग तिच्याकडे.

"हे असं अंगणात विचारतात का?"

"दोन पावलांवर उभा आहेस, अन्फिन. आत्ता हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"दोन पावलांवर तर मी राहतोच," तो म्हणाला. "घरी येऊन विचार." आणि फाटक लावून तो आपल्या टेकाडाकडे निघून गेला.